बायडाक्काचा तीन पात्यांचा चाकू

बायडाक्काकडं कुणी चाकू मागितला की ती आधी विचारायची, "काय कापायचंय?" उत्तर मिळाल्याशिवाय तिचा हात कमरेच्या कापडी पिशवीकडं जात नसे. आणि उत्तर पटलं नाही तर अजिबातच जात नसे.

माझी तिची पहिली गाठ अशीच पडली. बँकेत बदली होऊन मी साताऱ्याहून कवठे महांकाळला आले, तेव्हा तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि ड्रायव्हर दोरी तोडायला काहीतरी शोधत होता. ओसरीवर एक उंच, काटकुळी म्हातारी शेंगा फोडत बसलेली. ड्रायव्हर म्हणाला, "आज्जी, जरा इळा नायतर चाकू द्या की. दोरी कापतो."

"कशापायी?"

"गाठ लय घट बसलीया."

म्हातारी उठली. पिशवीतून घडीचा चाकू काढला, त्याची तीन पाती होती. त्यातलं सगळ्यात लहान, टोकदार पातं तिनं नखानं उघडलं आणि ते टोक गाठीत घालून हलकेच फिरवत राहिली. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. थोड्या वेळानं गाठ सैल झाली, दोरी सुटली. तिनं ती कोपरावर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"सुटतंय ते कापायचं न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "च्या पितीस का? गुळाचा हाय."

बायडाक्काच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं कमी होत गेली आणि द्राक्षाची बाग वाढत गेली. तरी दारात चार-दोन मेंढ्या असायच्याच, कारण त्यांच्याशिवाय तिला झोप लागत नसे. आवाज मात्र माळावरचाच राहिला होता. ती शेजारणीशी कुजबुजली तरी स्टँडवर ऐकू यायचं. तिच्या मनात कुणाबद्दल काय आहे, हे गल्लीला ठाऊक नव्हतं असं कधी झालं नाही.

नवरा फौजेत होता. माझ्या येण्याच्या बऱ्याच आधी तो वारला होता. चाकू त्यानंच उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीजवळच्या बाजारातून आणलेला. शिंगाची मूठ, वापरून वापरून काळ्या मनुकेसारखी चकचकीत झालेली. ती गोष्ट ती रंगवून सांगायची.

"मला लुगडं आनतो म्हनून गेला हुता. आला तर हे घिऊन. सवताला. म्या तर बोलनंच सोडलं. मंग एक मेंढी लंगडाय लागली, खुरात काटा मोडल्याला. ह्येच्या लहान पात्यानं म्या काटा काढला तर मेंढीला कळलं बी न्हाई. तवापास्नं दिला न्हाई त्याला. दर सुट्टीला मागायचा. म्या म्हनायची, तुला सरकारनं बंदूक दिलीया की."

तीन पात्यांची तिची वाटणी ठरलेली होती. मोठं पातं खाण्याच्या वस्तूंचं: पेरू, कांदा, कलिंगड. लहान पातं जनावरांचं. मधलं, सरळ पाठीचं, वेलींच्या कलमाचं. एकाचं काम दुसऱ्यानं केलेलं तिला खपत नसे. मी एकदा घाईत कलमाच्या पात्यानं दुधाची पिशवी फोडली, तर म्हणाली, "तुमच्या बँकेत शिपायाला सायबाच्या खुर्चीत बसवत्यात का?" रविवारी बाजार करून आली की चाकू पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा आणि नवऱ्याच्या जुन्या फौजी पट्ट्यावर पाती ओढायची. पट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला, दुसरं तिच्या डाव्या हातात. सपसप आवाज आला की मला कळायचं, रविवार संपत आला.

नवऱ्याची पेन्शन घ्यायला ती आमच्या शाखेत यायची. एका महिन्यात गर्दी होती, रांग हलत नव्हती. बायडाक्कानं पेरू काढला, चाकू उघडला आणि फोडी करून रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटायला लागली. आमचे मॅनेजर नवेच आले होते, पुण्याचे, थोडे घाबरट. काचेतून त्यांना काय दिसलं असेल ते असो, त्यांनी धोक्याचं बटण दाबलं. भोंगा वाजला. सगळी शाखा उठून उभी राहिली. बायडाक्कापण उठली, पदर खोचला आणि चाकू तसाच धरून दरवाजा अडवून म्हणाली, "कुठं हाय चोर? भाईर जाऊ देत न्हाई त्याला."

आमचा वॉचमन हसत हसत खाली बसला. मॅनेजर बाहेर आले तेव्हा तिनं त्यांच्यापुढं पेरूची फोड धरली. "सायेब, तुमी आत बसा. म्या हाय हितं." पुढं मॅनेजरांचा आणि तिचा इतका जम बसला, की पेन्शनच्या दिवशी ते मीठ-तिखटाची पुडी टेबलाच्या खणात ठेवायचे.

पण त्या चाकूला मी मानायला लागले ते एका बाजारच्या दिवसानंतर. आम्ही दोघी भाजी घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होतो. पुढून एक मोटरसायकल गेली. मागं बसलेली बाई कुठल्याशा लग्नाला निघालेली, भारी साडी, पदर वाऱ्यावर. बघता बघता पदर मागच्या चाकात गेला. गाडी थांबली, नवऱ्यानं ब्रेक मारला, पण तोवर पदर चाकात गुंडाळून मानेशी आवळला गेला होता. बाई मागं कलली होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. नवरा पदर ओढायला गेला, तसा फास अजून आवळला. माणसं जमली. जो तो सांगत होता चाक उलटं फिरवा, आणि चाक फिरत नव्हतं.

बायडाक्का भाजीची पिशवी टाकून कधी पळाली ते मला कळलं नाही. मी बघितलं तेव्हा तिनं मोठं पातं उघडलेलं होतं, दोन बोटं बाईच्या गळ्यात आणि साडीच्या मध्ये घातली होती आणि त्या बोटांवरून पातं बाहेरच्या बाजूला ओढलं. एकदाच. जरीकाठ, रेशीम, सगळं सुटलं. बाई रस्त्यावर बसली आणि खोकत खोकत रडायला लागली. जरा सावरल्यावर तिनं पहिल्यांदा साडीचं टोक हातात घेतलं. "आईची हुती ओ," म्हणाली.

बायडाक्का तिच्या शेजारी धुळीत बसली. "लुगडं मिळतंय बाई. मान न्हाई मिळत." तिच्या स्वतःच्या दोन बोटांवर पातं निसटून कापलं होतं, रक्त येत होतं. ते तिनं पदरानं दाबून धरलं आणि घरी येईपर्यंत कुणाला दाखवलं नाही.

मी विचारलं, "आक्का, तुम्ही तर म्हणता सुटतंय ते कापायचं नाही."

"त्ये सुटनार नव्हतं," ती म्हणाली.

असं सगळं असताना तिचं एकाच माणसाशी बिनसलेलं होतं, आणि ते माणूस तिच्याच घरात होतं. तिची सून, सविता. मुलगा बिरू तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात, वर्षातून एकदा यायचा. घर आणि बाग ह्या दोघींवर. सविता कमी बोलायची आणि सगळं करायची. औषधाची फवारणी, मोटार, ट्रॅक्टर, व्यापाऱ्यांशी फोनवर भाव ठरवणं. पण ती डावखुरी होती. चाकू तिच्या हातात बसत नसे. पातं उघडताना तिची धडपड व्हायची, कापताना हात घसरायचा. बायडाक्का ते बघू शकत नव्हती. "डावरीच्या हातात हत्यार म्हंजी माकडाच्या हातात कोलीत," म्हणायची, आणि तिचं म्हणणं म्हणजे गल्लीभर.

त्यात कलमांचा प्रकार झाला होता. आमच्याकडं द्राक्षाचा जंगली खुंट आधी लावतात, तो वाढला की त्यावर चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासून बसवतात. ह्यालाच कलम भरणं म्हणतात. दोन्ही काप तंतोतंत जुळले तर काडी फुटते, नाहीतर वाळते. आदल्या प्लॉटला सवितानं एक ओळ भरली होती आणि त्यातल्या बहुतेक काड्या वाळल्या. बायडाक्कानं भरलेल्या सगळ्या फुटल्या. त्यानंतर सविता चाकूला हात लावायची नाही. बाकी जेवण वाढायची, पाय चेपायची, औषध द्यायची. पण त्या घरात दोघींच्या मध्ये काहीतरी बसलेलं होतं, ते मला पुढच्या खोलीतसुद्धा जाणवायचं.

श्रावणात एके सकाळी मेंढीचं खूर तासताना चाकूच्या पाठीची कमान, म्हणजे पाती ताठ धरणारी स्प्रिंग, तुटली. कट् असा आवाज आला आणि पाती लुळी पडली. बायडाक्कानं चाकू फडक्यात गुंडाळला. त्या दिवशी गल्लीत तिचा आवाज आला नाही. दोन शेजारणी येऊन विचारून गेल्या, आक्का बरी हाय न्हवं.

नवा प्लॉट कलमाला आलेला होता. तिचा उजवा हात हल्ली थोडा थरथरायचा, ते ती कबूल करत नसे. कलम भरणारी टोळी लावू, असं सविता म्हणाली. "परक्याच्या हातनं माजी बाग भरायची न्हाई," बायडाक्का म्हणाली. म्हणजे चाकू हवाच. आणि चाकू शोधायची मोहीम माझ्या गळ्यात पडली.

आधी मी मोबाइलवरून एक मागवला. डबा छान होता. बायडाक्कानं चाकू उघडला, पात्याचं टोक चिमटीत धरून डावीकडं-उजवीकडं हलवलं. ते हललं. "दात पडाय आल्यात ह्येचं," म्हणून डब्यात परत. मग सांगलीच्या बाजारपेठेत गेलो. दुकानदारानं काउंटरवर चाकूंची रांग मांडली. ती प्रत्येक चाकू कानाजवळ नेऊन उघडायची आणि मिटायची. दुकानदार मला हळूच म्हणाला, "आजींना ऐकायला कमी येतं का?" तिला ऐकू आलं. "कमान बोलती का बगतूया. उघडताना एकदा, मिटताना एकदा. ह्यो मुका हाय." दुसरा तिनं दाराशी नेऊन उन्हाकडं धरला. पातं आणि कमान यांच्या फटीतून उजेड दिसत होता. "उजेड जातोय तितनं पानी बी जानार." तिसऱ्यात एक पातं मिटताना दुसऱ्याला घासत होतं. "जावा-जावा हायत ह्या. एका घरात नांदायच्या न्हाईत." शेवटी दुकानदारानं आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

पुढच्या सुट्टीत सासू-सून दोघींना मी साताऱ्याला माझ्या माहेरी नेलं. सवितानं पाचगणी पाहिली नव्हती म्हणून एक दिवस तिथंही गेलो. तिथल्या एका दुकानात लाल मुठीचा, बऱ्याच अवजारांचा चाकू टांगलेला होता. पोऱ्या एकेक अवजार उघडून दाखवत होता. बायडाक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कात्री हाय, झाकन काडायचं हाय, दात कोरायची काडी हाय," ती म्हणाली. "चाकू तेवढा न्हाई." मग आम्ही स्ट्रॉबेरी आइस्क्रीम खाल्लं. ते तिला आवडलं, पण आंबट म्हणाली.

साताऱ्यात माझ्या माहेरच्या मागच्या बोळात रज्जाकचाचा शिकलगार बसतात. लहानपणापासून मी त्यांना कात्र्या-विळ्यांना धार लावताना बघत आलेय. ते स्वतः चाकू घडवतात हे मला माहीत होतं, पण त्यांचा स्वभाव फार तिखट, म्हणून तिकडं जाणं मी टाळत होते. दोन तिखट माणसं समोरासमोर नकोत. शेवटी नेलंच.

चाचांनी फडकं उलगडून जुना चाकू बघितला. खूप वेळ बघितला. "कमान नवी घालतो. पण हे मधलं पातं आता निम्मं राहिलंय. किती घासलंय ह्याला?"

"वापरलाय. निसता ठेवल्याला न्हाई," बायडाक्का म्हणाली. "नवा बी बगायचाय."

चाचांनी तीन-चार तयार चाकू काढले. तिनं प्रत्येकाचं टोक हलवलं, तो कानाशी नेला, उन्हाकडं धरला. पहिल्यांदाच तिला नाव ठेवायला काही सापडलं नाही, त्यामुळं ती जरा नाराजच दिसली. चाचांनी कडुलिंबाची काडी पुढं केली. तिनं कलमाचं पातं उघडून तासली. हात थरथरला, पण काप सरळ आला.

"बाग कोण भरणार? हा हात तर थकलाय," चाचा सरळच म्हणाले.

चाचांनी पायरीवर बसलेल्या सविताकडं काडी धरली. "सूनबाई, तुम्ही तासा."

"ती डावरी हाय," बायडाक्का म्हणाली.

"असू दे की."

सवितानं चाकू घेतला. नखाची खाच तिच्या अंगठ्याच्या उलट्या बाजूला होती. चाकू फिरवून, उलटा धरून तिनं पातं कसंबसं उघडलं आणि काडी तासली. काप खोलगट आला, चमच्यासारखा. बायडाक्कानं माझ्याकडं बघितलं. बघ, म्हणत होते ना.

चाचांनी ती काडी घेतली, निरखली आणि हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नाही. "अहो, कलमाच्या पात्याला धार एकाच अंगानं असते. दुसरं अंग सपाट. उजव्या हातात धरलं की सपाट अंग लाकडाला टेकतं, काप सरळ येतो. डाव्या हातात तेच उलटं पडतं. धार आत घुसते. देवानं केलं तरी असंच होणार." त्यांनी एक सुटं पातं चाकावर धरलं, ठिणग्या उडाल्या, धार दुसऱ्या अंगानं काढली आणि नुसतं पातं फडक्यात धरून सविताकडं दिलं. "आता तासा."

सवितानं तासली. काप आरशासारखा सपाट होता.

बायडाक्कानं दोन्ही काड्या मागून घेतल्या. खोलगट कापावरून अंगठा फिरवला, मग सपाट कापावरून. परत एकदा फिरवला. बोळात एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"म्हंजी हिचं काय चुकत नव्हतं?"

"चाकूचं चुकत होतं," चाचा म्हणाले.

"चाकूचं बी न्हाई," ती म्हणाली. एवढंच. तिचा आवाज पहिल्यांदाच बोळाच्या बाहेर गेला नाही.

मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. मांडलेले सगळे चाकू पुढं ओढले आणि एकेक डाव्या हातानं उघडायला लागली. खाच सापडेना, चाकू हातातून सुटायचा, पायरीवर पडायचा. चाचा ओरडतील असं मला वाटलं, पण ते पडलेला चाकू उचलून परत तिच्यापुढं ठेवत राहिले. तिसऱ्या चाकूला तिच्या अंगठ्याचं नख दुमडलं. ती थांबली.

"आगं सविते, एवढी वर्सं ह्ये कसं सोसलंस?"

सविता म्हणाली, "तुमी कवा इचारलंसा?" रागानं नाही. थोडी हसलीच.

त्या दुपारी नव्या चाकूचं सगळं ठरलं. खाचा उलट बाजूला, कलमाची धार उलट अंगानं. मूठ शिंगाची की शिसवीची यावर सासू-सुनेचा वाद झाला आणि मी त्या दोघींचा ऐकलेला तो पहिला मोकळा वाद होता. बायडाक्का शिंगाची म्हणत होती. सविता म्हणाली, "औषधाच्या हातात शिंग सटकतंय. लाकूड बरं." बायडाक्कानं चाचांकडं बघितलं. चाचा म्हणाले, "ज्याचा हात, त्याची मूठ." मूठ शिसवीची झाली.

चाकू तयार व्हायला काही आठवडे लागले. मीच तो साताऱ्याहून आणला. बायडाक्कानं त्याच्या सगळ्या परीक्षा घेतल्या, कमान बोलली, उजेड दिसला नाही. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं म्हणतात, म्हणून तिनं तो उंबऱ्यावर ठेवला आणि बाजूला झाली. सवितानं उचलला, डाव्या अंगठ्यानं पातं उघडलं. कुठलीही धडपड नाही. बायडाक्का म्हणाली, "आता भांडाय मोकळी. चाकू काय आडवा यायचा न्हाई."

नवा प्लॉट सवितानं भरला. बायडाक्का ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायची आणि काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पुढं करायची. पुढं कलमाच्या काड्यांना डोळे फुटले तेव्हा ती सकाळी सकाळी माझ्या दारात आली आणि मला चप्पलसुद्धा घालू न देता बागेत घेऊन गेली. हिरवट गुलाबी कोंब ओळीनं उभे होते. त्या संध्याकाळी गल्लीला कळलं. ज्या गल्लीला तिनं सून डावरी म्हणून सांगितलं होतं, त्याच गल्लीला आता तोच शब्द दुसऱ्या सुरात ऐकू येत होता. "आमची डावरी हाय. तिच्यासारकं कलम तालुक्यात कुनाला जमंना."

पुढं माझी बदली माधवनगरला झाली. ते सांगलीलगतच, म्हणजे फार लांब नाही, पण रोजचं येणं-जाणं सुटलं. बायडाक्का नंतर फार दिवस राहिली नाही. थंडीत एका पहाटे झोपेतच गेली, असं सवितानं फोनवर सांगितलं. त्याआधी काही महिने मी तिला शेवटची पाहिली.

दुपारची वेळ होती. बागेतल्या शेडखाली आसपासच्या गावांतल्या आठ-दहा बाया गोल बसल्या होत्या, आणि मधे सविता त्यांना कलम शिकवत होती. बायडाक्का मागं खुर्चीवर. तिच्या सवयीनं ती मधूनमधून सांगत होती. असं न्हाई, तसं धरा. आमच्या येळंला असं करायचो. बायांचं लक्ष दोघींकडं फाटत होतं. शेवटी सविता हातातली काडी न सोडता म्हणाली, "आत्या, तुमी जरा गप बसा बगू. मला शिकवू द्या."

मी दचकून बायडाक्काकडं बघितलं. तिनं तोंड उघडलं, परत मिटलं. खुर्चीत मागं टेकली, पदर नीट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसली. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा तिनं माझ्या दंडाला कोपरानं ढोसलं, सविताकडं हनुवटी केली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजल्यासारखं कुजबुजली,

"ऐक. लय चांगलं सांगती."